मिक्श्चरच्या बाटलीपासून ‘मेडिकल’पर्यंत



‘मेडिकल’ हे इंग्रजीत विशेषण आहे. आपण त्याचे नाम केले. “जरा मेडिकलात जाऊन येतो,” असे म्हटले की ऐकणाऱ्याला काहीही विचारावे लागत नाही. वाईच्या एस. टी. स्टँडपासून मंडईपर्यंत चालत गेलात तर आज अशी किती ‘मेडिकल’ लागतात ते मोजून पाहा. आपण शाळेत होतो तेव्हा ती एका हाताच्या बोटांवर मोजता येत. तरीही गावात औषधांची टंचाई होती असे कोणाला आठवत नाही, कारण औषध दुकानात मिळण्याची वस्तू नव्हती, ते डॉक्टरांच्या दवाखान्यात मिळे.

आठवून पाहा. घरून धुतलेली रिकामी बाटली घेऊन जायचे. आत डॉक्टर तपासायचे आणि चिठ्ठीवर काहीतरी खरडायचे. ती चिठ्ठी लाकडी खिडकीतून कंपाउंडरच्या हातात जायची. आत मोठमोठ्या बरण्या: लाल, पिवळी आणि एक पांढरी गढूळ, जी जुलाबावर देत. कंपाउंडर मापाच्या काचेच्या भांड्यात ओतायचा, पाणी घालून बाटली भरायचा, बूच लावून हलवायचा आणि मग कागदाची एक अरुंद पट्टी घडी करून कात्रीने कोपरे कापायचा. उलगडली की तिला दोन्ही बाजूंनी खाचा. ती बाटलीला चिकटवली की एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चुकता येणार नाही अशी ती सोय होती. आजच्या कुठल्याही छापील लेबलात मला इतकी अक्कल दिसत नाही.

या दवाखान्यांना औषधे ठेवायला दुकानाचा परवाना लागत नसे आणि आजही लागत नाही. नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देत असेल आणि उघडे दुकान मांडून बसला नसेल तर औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टात त्याला सूट आहे. तालुक्याच्या गावी स्वतंत्र औषध दुकान इतक्या उशिरा का वाढले याचे मुख्य कारण मला हेच वाटते. चिठ्ठी दवाखान्याबाहेर पडतच नसेल तर दुकानदार विकणार कोणाला? फार तर बाळकडू, मलम, कापूस आणि डोकेदुखीच्या गोळ्या.

मोठ्या शहरांची गोष्ट वेगळी. कलकत्त्याला बाथगेट यांनी औषधांचे दुकान काढले ते १८११ साली. गोव्यात पोर्तुगीजांनी १८४२ साली वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा स्थापन केली आणि तिथे औषधनिर्मितीही शिकवली जाई. मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट तर औषधांच्या घाऊक बाजारासाठी आजही ओळखली जाते. पण ही दुकाने साहेब लोकांची, लष्कराची आणि शहरातल्या सधन घरांची. खेड्यातल्या माणसापर्यंत पोहोचलेले पहिले पाश्चात्त्य औषध बहुधा क्विनीन असावे, आणि तेही दुकानातून नव्हे. देशाच्या बऱ्याच भागांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिवतापाचे क्विनीन पोस्टात मिळे, छोट्या पुडीत, एका पैशाला. पोस्टमास्तर हा आपल्याकडचा पहिला किरकोळ औषधविक्रेता म्हणावा लागेल, असे मी पोस्टातून निवृत्त झालेल्या आपल्या वर्गमित्राला नेहमी चिडवतो.

क्विनीन महाग होते आणि त्याला मागणी प्रचंड होती. साहजिकच भेसळ आली. पहिल्या महायुद्धानंतर बाजारात जी औषधे येत त्यांतली कितीतरी कमअस्सल किंवा चक्क खोटी असत, आणि ती अडवणारा कायदाच नव्हता. १९२७ साली सर हरून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये याविषयी ठराव मांडला. त्यानंतर १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. चोप्रा हे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. समितीने १९३१ साली अहवाल दिला. औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात आणि औषध देणारा माणूस शिकलेला व नोंदलेला हवा, असा त्याचा सारांश सांगता येईल. यातली पहिली गोष्ट १९४०च्या औषध कायद्याने आणि १९४५च्या नियमांनी आली. तिसरी यायला १९४८चा फार्मसी कायदा उजाडावा लागला. मधल्या काळात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले होते. आपल्याकडे मुंबईचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ साली निघाले.

आता प्रश्न असा आला की शिकलेला फार्मसिस्ट होता कुठे? देश नवा, महाविद्यालये हातावर मोजण्याइतकी, आणि गावोगावी औषध देणारे हजारो कंपाउंडर. त्यांना एका रात्रीत बेकायदा ठरवले असते तर दवाखान्यांच्या खिडक्या बंद पडल्या असत्या. कायद्याने यातून व्यवहारी वाट काढली. प्रत्येक राज्यात पहिली नोंदवही उघडताना, ज्याने किमान पाच वर्षे रुग्णालयात, दवाखान्यात किंवा तत्सम ठिकाणी औषधे बनवून दिली आहेत त्याचे नाव पदवी-पदविका नसतानाही त्या वहीत घेता येईल, अशी तरतूद केली.

मला ज्यांनी हा धंदा शिकवला ते याच वाटेने फार्मसिस्ट झालेले. त्यांचे नाव इथे देत नाही, पण आपल्यापैकी निम्म्यांनी लहानपणी त्यांच्या हातचे मिक्श्चर प्यायले आहे. सगळे त्यांना ‘कंपाउंडरकाका’ म्हणत. सातवीपर्यंत शिक्षण. १९४४ पासून गावातल्या एका डॉक्टरांकडे. पन्नाशीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी दाखला लिहून दिला आणि काकांचे नाव मुंबई राज्याच्या वहीत चढले. त्या प्रमाणपत्राला त्यांनी काच लावून घेतली होती आणि ती चौकट देवघराच्या शेजारी टांगली होती.

दहावीनंतर मी शास्त्र शाखेला गेलो, बारावीला वैद्यकीयला पुरतील इतके गुण पडले नाहीत आणि कराडच्या शासकीय फार्मसी महाविद्यालयात पदविकेला लागलो. सुट्टीत काकांकडे बसायचो. कॉलेजात शिकवलेली कृती आणि काकांचा हात यांत जो फरक होता तो मला अजून सांगता येत नाही. भुकटीची पुडी बांधताना ते कागदाची पहिली घडी नखाने अशी दाबत की पुडी खिशात दोन दिवस राहिली तरी कण सांडत नसे. डॉक्टरांचे अक्षर ते वाचत नसत, ओळखत. जसा आपण चालण्यावरून माणूस ओळखतो.

चिठ्ठीवरच्या लॅटिन खुणा मात्र त्यांनी पाठ केलेल्या होत्या, अर्थ ठाऊक नव्हता. ‘बी. डी.’ म्हणजे दोनदा, ‘टी. डी. एस.’ म्हणजे तीनदा. पुढे एकदा आपले संस्कृतचे सर माझ्या दुकानात चिठ्ठी घेऊन आले. त्यांनी विचारले, “हे बी. डी. म्हणजे काय रे?” मी सांगितले, “सर, बिस इन डाय, दिवसातून दोनदा. आणि टी. डी. एस. म्हणजे तेर, तीनदा.” सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बिस म्हणजे आपलं द्विः, तेर म्हणजे त्रिः. आणि तू दहावीत म्हणायचास, संस्कृतचा पुढं काय उपयोग!” दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइके होती. चौघेही हसले.

१९८४ साल या धंद्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. फार्मसी कायद्याचे बेचाळीसावे कलम असे सांगते की नोंदणीकृत फार्मसिस्टखेरीज कोणीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध बनवू किंवा देऊ नये. मूळ कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. कायदा १९४८चा, पण हे कलम सर्वत्र लागू झाले सप्टेंबर १९८४ मध्ये. छत्तीस वर्षे ते लांबत राहिले होते. लागू झाले आणि एका रात्रीत प्रमाणपत्राला बाजारभाव आला. ज्यांचे दुकान होते पण पदविका नव्हती ते प्रमाणपत्रवाले शोधू लागले. दुकानात चौकट टांगायची, महिन्याला ठराविक रक्कम द्यायची, माणूस प्रत्यक्ष हजर असो वा नसो.

काका तेव्हा साठीला आले होते आणि डॉक्टरांचा दवाखाना बंद होत आला होता. पैशाची गरज होती. त्यांच्याकडे दोन माणसे येऊन गेली. एकाने महिन्याचे इतके पैसे सांगितले की डॉक्टरांकडे त्यांना तेवढा पगार कधी मिळाला नव्हता. मी तिथेच बसलो होतो. काका म्हणाले, “कागद जाईल तिथं मी जाणार. सकाळी नऊला चौकट भिंतीवर आणि मी खुर्चीत. चालत असेल तर सांगा.” त्या गृहस्थांना खुर्चीत माणूस नको होता. ते परत आले नाहीत.

मी १९८७ साली दुकान काढायचे ठरवले तेव्हा वातावरण गढूळ होते. आदल्या वर्षी, १९८६च्या सुरुवातीला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले होते. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. कारखान्यात वापरायचे हे गोडसर विष. याच द्रव्याने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक लोक मेले होते आणि तिथला औषध कायदा त्यामुळेच कडक झाला होता. इथे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, आणि त्याच्या सुनावणीच्या बातम्या रोज वर्तमानपत्रांत येत. औषध खरेदीपासून तपासणीपर्यंत कुठे कुठे ढिलाई होती ते सगळे बाहेर येत होते. माझे वडील पेपर घडी करून ठेवत म्हणाले, “या धंद्यात पडायचं म्हणतोस?”

त्या बातम्यांचा माझ्यावर एक कायमचा परिणाम झाला. बॅच नंबर. कुठली बाटली कुठल्या घाऊक व्यापाऱ्याकडून, कुठल्या बिलावर आली आणि कोणाला गेली हे सांगता आले पाहिजे. उद्या कुठल्या बॅचवर बंदी आली तर दारोदार जाऊन परत आणता आली पाहिजे. संगणक नव्हता. कार्बन घालून हाताने बिले लिहायचो आणि बॅच नंबर लिहायला प्रत्येक गिऱ्हाइकामागे अर्धे मिनिट जास्त जायचे. शेजारचे दुकानदार म्हणत, “एवढं कोण बघतंय?” पुढच्या काळात बॅच मागे घेण्याची पत्रे आली तेव्हा माझ्याकडे वही होती.

भांडवल कुठून आणले, हे अनेकांनी विचारले आहे म्हणून सांगतो. सुशिक्षित बेरोजगारांसाठी केंद्राने १९८३ साली स्वयंरोजगाराची कर्जयोजना काढली होती, तिच्यातून बँकेचे पंधरा हजार. वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतले दहा. आईच्या पाटल्यांचे काय झाले ते तिने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जागा भाड्याची. फ्रीज जुना घेतला, कारण फ्रीजशिवाय परवाना नाही. लस, इन्सुलिन, काही इंजेक्शने दोन ते आठ अंशांतच टिकतात. मग अर्ज, जागेचा नकाशा, भाडेकरार, माझ्या पदविकेची व नोंदणीची प्रत असे सगळे घेऊन साताऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात फेऱ्या. निरीक्षक येऊन जागा पाहून गेले. किरकोळ विक्रीचे दोन परवाने मिळतात, नमुना वीस आणि एकवीस. ते आजही दुकानात दर्शनी भागी लावावे लागतात. पुढच्या वेळी कुठल्याही ‘मेडिकल’मध्ये गेलात की मान वर करून पाहा. परवान्यावर फार्मसिस्टचे नाव असते. तो माणूस समोर उभा आहे का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

बोर्डाची गंमत सांगायलाच हवी. नियमांत दुकानाच्या नावाचेही तीन प्रकार आहेत. फार्मसिस्ट न ठेवता विकता येतील एवढीच औषधे विकणारे ते ‘ड्रगस्टोअर’. फार्मसिस्ट आहे पण औषध बनवून देण्याची सोय नाही ते ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’. आणि फार्मसिस्टही आहे, औषध बनवून देण्याची जागा-साहित्यही आहे, तेच ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’. म्हणजे आपण सगळीकडे वाचतो ते ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ नियमांच्या भाषेत कुठेच बसत नाही, तरी महाराष्ट्रभर तेच चालते. माझा पेंटर लाल फुली काढायला निघाला होता. मी त्याला थांबवले. लाल क्रॉस हे रेडक्रॉसचे चिन्ह आहे आणि १९६०च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार ते दुकानावर लावता येत नाही. तो म्हणाला, “साहेब, हिरवी फुली बघून लोकांना रोपवाटिका वाटेल.” शेवटी हिरवीच काढली.

माल मिळवणे हा मात्र वेगळाच प्रकार होता. सरकारी परवाना हातात असूनही काही घाऊक व्यापारी म्हणाले, “आधी व्यापाऱ्यांचं ना-हरकत पत्र आणा.” कुठल्या कायद्यात असे लिहिले आहे, असे विचारले तर उत्तर नव्हते, पण माल नव्हता. जुन्या दुकानदारांना गावात आणखी एक वाटेकरी नको होता, हे त्यातले खरे. मी सहा महिने पुण्याहून एस. टी.ने खोकी आणली. स्वारगेटला खोके टपावर चढवायचे आणि वाईला उतरवायचे. हमाली वाचावी म्हणून स्वतःच. पुढे, २०१३ साली भारतीय स्पर्धा आयोगाने औषध व्यापारातली ना-हरकतीची ही सक्ती स्पर्धेला मारक म्हणून बेकायदा ठरवली. माझ्या खोक्यांना त्याचा उपयोग नव्हता, पण निकालाची बातमी मी कापून ठेवली आहे.

आपल्या भागात औषधाचा इतिहास सांगायचा आणि क्षयरोगाचे नाव घ्यायचे नाही, असे होऊच शकत नाही. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढले. तेव्हा क्षयावर औषधच नव्हते. उंचावरची कोरडी हवा, विश्रांती, दूध-अंडी हाच उपचार, आणि तो परवडणारे थोडे. स्ट्रेप्टोमायसिन चाळिशीच्या दशकात आले, आयसोनियाझिड १९५२ला. मग १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, तितक्याच रुग्णांना त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरात ठेवून तीच औषधे वर्षभर दिली. १९५९ साली निष्कर्ष आला की घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरातल्या इतरांना धोकाही वाढला नाही. जगभरच्या आरोग्यधामांचा पाया त्या निष्कर्षाने हलला. हवेची जागा गोळीने घेतली. दरम्यान पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला होता आणि देशी पेनिसिलिन मिळू लागले होते. पुढे १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट ठेवले, त्यामुळे तेच औषध वेगळ्या रीतीने बनवणाऱ्या देशी कंपन्या वाढल्या आणि किमती खाली आल्या. आमच्यासारखे लहान दुकान उभे राहू शकले ते या सगळ्यावर. डॉक्टरांनी मिक्श्चर सोडून स्ट्रिपा लिहायला सुरुवात केली आणि चिठ्ठी अखेर दवाखान्याच्या खिडकीबाहेर पडली.

पण क्षयाची गोळी घरी आली म्हणजे ती पूर्ण घेण्याची जबाबदारीही घरी आली. माझ्या दुकानात पश्चिमेकडून, जोर-जांभळीच्या बाजूने लोक येत. रिफाम्पिसिन महाग. एकदम महिन्याचे घेण्याची ऐपत नाही, म्हणून दहा दिवसांचे नेत. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि माणूस म्हणतो, झालो बरा. तिथेच घात. अर्धवट सोडलेला क्षय परत येतो तो औषधाला न जुमानणारा होऊन. शिवाय रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते. कोणी आधी सांगितले नसेल तर घाबरून पहिल्या आठवड्यातच गोळी बंद. म्हणून मी क्षयाच्या रुग्णांची वेगळी वही ठेवली. नाव, गाव, शेवटचे औषध कधी नेले. तारीख उलटली की त्या बाजूच्या एस. टी.च्या कंडक्टरकडे निरोप: “अमक्याला सांगा, मेडिकलवाल्यानं बोलावलंय.” एका बाईंचा निरोप कंडक्टरने चौथ्यांदा नेला तेव्हा त्या स्वतः आल्या आणि काउंटरवर म्हणाल्या, “पैसं नाहीत म्हणून येत नव्हते. तुम्ही उधारीसाठी बोलावताय असं वाटलं.” उरलेले चार महिने त्यांनी औषध नेले, पैसे भाताच्या सुगीनंतर दिले. आज त्यांचा नातू माझ्याकडून मोबाइलवर बिल मागवतो. २०१८ पासून औषधविक्रेत्याने क्षयाच्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक झाले आहे, आणि क्षयाची औषधे ‘एच-वन’ परिशिष्टात आहेत, त्यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. अधिकारी ती तपासायला आले की मी जुनी वहीही दाखवतो. ते हसतात.

गेल्या दिवाळीत आपल्या ग्रुपवर एकाने प्रश्न टाकला, “पुतण्याचं डी. फार्म. झालंय. गावात छोटं मेडिकल टाकून द्यावं म्हणतो, चालेल का?” पंचवीस उत्तरे आली. कोणी म्हणाले सोन्याची खाण, कोणी म्हणाले आता सगळे ऑनलाइन. मी तेव्हा काही लिहिले नाही. आता हिशेब मांडतो, गणिताच्या बाईंनी तपासावा.

सरकारने ज्या औषधांची कमाल किंमत ठरवली आहे त्यांत किरकोळ दुकानदाराचा नफा त्याच्या खरेदी किमतीवर १६ टक्के धरलेला आहे. कर बाजूला ठेवू. म्हणजे १०० रुपयांना घेतलेली वस्तू तो ११६ला विकणार. आता समोरच्या मोठ्या साखळी दुकानावर बोर्ड आहे, ‘१५ टक्के सूट’. ११६ वर १५ टक्के म्हणजे १७ रुपये ४० पैसे. उरले ९८ रुपये ६० पैसे. खरेदीच १००ची. दिव्याचे बिल, भाडे, पोराचा पगार दूरच. प्रत्येक विक्रीवर खिशातले १ रुपया ४० पैसे गेले. मग ती साखळी चालते कशी? तीन मार्ग आहेत. एक, लाखोंची खरेदी करून कंपनीकडून वेगळा भाव. दोन, गुंतवणूकदाराचा पैसा काही वर्षे तोट्यात ओतणे. तीन, ज्या ब्रँडवर छापील किंमत आणि खरेदी यांत मोठे अंतर आहे तो माल पुढे करणे. पहिले दोन पुतण्याला जमणार नाहीत. तिसरे जमेल, आणि तिथेच मोह आहे. डॉक्टरांनी एक लिहिलेले असते, फळीवर दुसरे जास्त सुटीचे असते.

मी लहान दुकानाचा वकील आहे, हे मान्य. पण सूट वाईट असे मी म्हणणार नाही. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत तीच रासायनिक औषधे कितीतरी स्वस्त मिळतात, आणि मधुमेहाची रोजची गोळी घेणाऱ्या निवृत्त माणसाला मी स्वतः तिकडे पाठवतो. आपल्या वर्गातले तीन जण याला साक्षी आहेत. लहान दुकान टिकायचे तर सुटीवर टिकणार नाही. ज्या गोष्टींचे बिल होत नाही त्यांवर टिकते: दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांत एकच औषध दोन नावांनी आले आहे हे ओळखणे, अर्धी स्ट्रिप कापून देताना मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवणे, रात्री अकराला शटर अर्धे उघडणे. २०२०च्या टाळेबंदीत गाड्या बंद होत्या तेव्हा दुधाच्या टेम्पोबरोबर गावोगावी पिशव्या पाठवल्या. प्रत्येक पिशवीवर नाव आणि वेळा मराठीत. तेव्हा कोणी टक्केवारी विचारली नाही. टाळेबंदी उठल्यावर विचारू लागले, तो माणसाचा स्वभाव आहे.

पुतण्याला मी फेब्रुवारीत दुकानावर बोलावून घेतले. मुलगा चुणचुणीत आहे. पदविकेच्या पाचशे तासांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणात आपल्याकडून कोणी एक चिठ्ठीही वाचून घेतली नाही, नुसती सही मिळाली, असे त्याने आपणहून सांगितले. आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या एका दुकानदाराने त्याचे प्रमाणपत्र मागितले आहे. दुकानात यायची गरज नाही, दर महिन्याला पैसे खात्यात. घरचे म्हणतात, घे, तोवर दुसरी नोकरी बघ.

मी त्याला उपदेश केला नाही. ड्रॉवरमधून काकांची चौकट काढून दाखवली. काका गेल्यावर ती त्यांच्या मुलाने मला आणून दिली होती. काच एका कोपऱ्यात तडकली आहे, शाईतली सही फिकी झाली आहे. त्याने क्रमांक वाचला आणि म्हणाला, “काका, एवढ्या लहान आकड्याचा नंबर मी पाहिलाच नव्हता.” मग मी त्याला काउंटरच्या आत घेतले. संध्याकाळची गर्दी होती. पहिली चिठ्ठी त्याने पूर्ण वाचली, दुसरीत अडला आणि तिसऱ्यात एकच दुखणे थांबवणारे औषध दोन ब्रँडच्या नावांनी लिहिलेले आहे ते त्याने माझ्या आधी पकडले. मी डॉक्टरांना फोन लावून दिला, बोलला तो. सध्या तो मंगळवार-शनिवार येतो. दुकानासाठी जागा पाहतो आहे, मंडईच्या मागच्या बाजूला. किमान दहा चौरस मीटर हवी, आणि ती मोजायला टेप घेऊन आम्ही दोघे येत्या रविवारी जाणार आहोत. मेळाव्याला आलेल्यांपैकी कोणाला भाड्याने द्यायला गाळा असेल तर मला सांगावे.